डोक्यावरचा स्प्रिंकलर कोणत्या जातीचा आहे, ते आधी ओळखा

नव्या टॉवरमध्ये वास्तुशांत निघाली की मला हमखास फोन येतो, "मॅडम, होम करायचाय. धुरानं घरभर पाऊस नाही ना पडणार?" नाही पडणार. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, उष्णता कळते. धुरानं ओरडतो तो स्मोक डिटेक्टर; ती वेगळी वस्तू, छताला चिकटलेली पांढरी चकती. होमकुंड नेमकं हेडच्या, म्हणजे छतातल्या स्प्रिंकलरच्या तोंडाच्या, खाली मांडू नका, दोन-तीन हात बाजूला घ्या, म्हणजे झालं.

दुसरी समजूत सिनेमांनी करून दिलेली आहे. एका कोपऱ्यात आग लागली की मजलाभर सगळे फवारे एकदम सुरू होतात. घरातल्या, ऑफिसातल्या, पार्किंगमधल्या नेहमीच्या यंत्रणेत असं होत नाही. ज्या हेडला आच लागते तेवढंच उघडतं, बाकीची कोरडी राहतात. सगळी एकदम उघडणारी यंत्रणाही असते, पण ती ट्रान्सफॉर्मरवर असते, तुमच्या दिवाणखान्यात नाही.

मी ठाणे-भिवंडी पट्ट्यात या यंत्रणांच्या देखभालीचं काम करते. सोसायट्या, गोदामं, शीतगृहं, अधूनमधून एखादा कारखाना. कुठल्याही नव्या जागी गेले की मी स्वतःला दोनच प्रश्न विचारते. पाणी आत्ता कुठे थांबलेलं आहे? आणि त्याला सोडणार कोण? वेट, ड्राय, प्रीअ‍ॅक्शन, डेल्यूज ही सगळी नावं म्हणजे या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत. ती उत्तरं तुमच्या इमारतीपुरती तुम्हाला ठाऊक असलीच पाहिजेत. आग लागल्यावर पहिली पाच मिनिटं तिथे मी नसते, अग्निशमन दलही नसतं. तुम्ही आणि वॉचमन काका असता.

आधी हेड नीट बघा

पंपरूममध्ये स्पेअर हेडची एक लाल पेटी असते, किंवा असायला हवी. त्यातलं एक हातात घ्या. पितळी चौकट, मधे काचेची कुपी, खाली दातेरी चकती. कुपीत रंगीत द्रव आणि त्यात इवलासा हवेचा बुडबुडा. ही कुपी एका झाकणाला दाबून धरून उभी असते आणि झाकणामागे पाणी असतं. खोली तापली की द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, मग फुगायला जागा उरत नाही आणि काच फुटते. झाकण गळून पडतं, पाणी चकतीवर आपटतं आणि छत्रीसारखं पसरतं. ना वीज लागते, ना सेन्सर, ना कुणाचा हुकूम. १८७४ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये हेन्री पार्मली यांनी आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी असं हेड बनवलं, तेव्हा त्यात काच नव्हती, कमी उष्णतेला वितळणारा धातूचा डाग (सोल्डर) होता. काचेची कुपी नंतर आली. डागाची हेड आजही मिळतात. तत्त्व तेच राहिलं.

द्रवाचा रंग म्हणजे फुटण्याचं तापमान. नारिंगी ५७ अंश सेल्सिअस, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१, जांभळा १८२. घरं, ऑफिसं, पार्किंग इथे बहुतेक लाल दिसेल. रंग निवडायचा नियम असा, की त्या जागेचं वर्षातलं जास्तीत जास्त जे तापमान असेल त्याच्या निदान ३० अंश वरचं हेड हवं. हा नियम आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये मोडतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली शिडीवर चढून बघा, डोकं वर ठेववत नाही. तिथे लाल हेड लावलं तर ते आग नसतानाही फुटू शकतं. मग मालक वैतागून लाइनच बंद करून टाकतो आणि शेड उघड्यावर पडते. अशा ठिकाणी हिरवं, आणि तापमान मोजून गरज वाटली तर निळं लावायचं. बॉयलरजवळ आणि हॉटेलच्या भट्टीवरही हाच विचार करायचा.

कुपीची जाडीही बघा. ५ मिलिमीटरची जाड कुपी तापायला वेळ घेते, ३ मिलिमीटरची बारीक कुपी लवकर फुटते. माणसं झोपतात, राहतात तिथे बारीकच हवी.

चकतीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. 'एसएसपी' म्हणजे खाली तोंड करून लटकणारं पेंडंट, 'एसएसयू' म्हणजे पाइपवर उभं राहणारं अपराइट. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, कारण पाणी पसरण्याची तऱ्हाच बदलते. बाजूला के-फॅक्टर असतो, साध्या हेडला ८०. हेडमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडेल ते काढायचं तर या आकड्याला दाबाच्या वर्गमुळानं गुणायचं. १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर. अर्ध्या बारला साधारण ५७. म्हणजे शेवटच्या टोकाच्या हेडपर्यंत दाब पोचला नाही, तर हेड उघडूनही आग विझेल याची खात्री नाही.

वेट: पाणी हेडपर्यंत येऊन उभं असतं

आपल्या इमारतींत जवळजवळ सगळीकडे हीच यंत्रणा आहे. पाणी कुठे थांबलंय? हेडच्या झाकणामागेच. सोडणार कोण? कुपी. मधे कुणीही नाही, आणि म्हणून मला ही सगळ्यांत विश्वासाची वाटते.

समजा, तळघरातल्या पार्किंगमध्ये भंगार साठवलेल्या कोपऱ्यात आग लागली. वरची एक कुपी फुटली आणि पाणी सुरू झालं. त्याच क्षणी पाइपातलं पाणी हलतं आणि त्या मजल्याच्या लाइनवरचा फ्लो स्विच पॅनलला, म्हणजे आगीचा इशारा देणाऱ्या नियंत्रण-पेटीला, कळवतो. पॅनलवर झोनचा, म्हणजे त्या भागाचा, दिवा लागतो, हूटर वाजतो. स्विचमध्ये थोडा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर लाइनमधल्या प्रत्येक धक्क्याला हूटर वाजेल. तिकडे पंपरूमजवळच्या अलार्म व्हॉल्व्हमधली झडप उचलली जाते. झडपेच्या बैठकीत एक खाच असते, तिच्यातून थोडं पाणी एका छोट्या भांड्यात आणि तिथून घंटेकडे जातं. ही घंटा पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चक्रानं वाजते. वीज गेली, पॅनल मेलं, तरी ती वाजणार.

लाइनचा दाब उतरू लागला की पंपांची पाळी येते. मी बघते त्या एका बावीस मजली इमारतीत जॉकी पंप १० किलो दाबाला थांबतो आणि ९ ला सुरू होतो. जॉकी छोटा असतो, बारीकसारीक गळती भरून काढणं एवढंच त्याचं काम. एक हेड उघडलं की त्याला ते झेपत नाही, दाब ८ ला येतो आणि मेन पंप उठतो. वीज नसेल तर ७ ला डिझेल पंप. मेन पंप आपोआप सुरू होतो, पण आपोआप थांबत नाही, आणि तसंच असायला हवं. तो हातानं बंद करायचा, तोही आग विझल्याची खात्री झाल्यावर.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ते सांगते. पंपरूममध्ये गेलात, गेजचा काटा १० वर दिसला, 'सगळं ठीक आहे' म्हणून परत आलात. तो काटा फसवू शकतो. कुणी प्लंबरनं मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायचा राहिला, तरी व्हॉल्व्हच्या पुढे अडकलेलं पाणी दाब धरून बसतं. त्या मजल्यावरचा गेज महिनोन्‌महिने १० दाखवत राहील. हेड उघडलं की पाइपात असलेलं तेवढं पाणी पडेल आणि धार आटेल. हे काटा बघून कळत नाही, पाणी वाहवून बघितल्यावरच कळतं.

म्हणून टेस्ट अशी करा. आधी रहिवाशांना आणि गेटवर कळवा, नाहीतर जिन्यात धावपळ होईल. एक माणूस पॅनलपाशी, एक पंपरूममध्ये आणि एक मजल्यावर, लाइनच्या सर्वांत लांबच्या टोकाला जो टेस्ट व्हॉल्व्ह असतो तिथे. तिघांकडे फोन. टेस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाची जाडी एका हेडएवढीच असते, म्हणजे तो उघडणं हे एक हेड फुटल्यासारखंच. उघडा आणि घड्याळ लावा. हूटर किती सेकंदांत वाजला? पॅनलवर झोन बरोबर दिसला, की सहावा मजला उघडला आणि दिवा सोळाव्याचा लागला? ही अदलाबदल मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे; वायरिंग करताना झालेली असते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. जॉकी कितीला उठला, मेन कितीला? मग सर्वांत महत्त्वाचं, धार तशीच टिकून आहे की हळूहळू बारीक होतेय? बारीक झाली तर मागे कुठला तरी व्हॉल्व्ह बंद किंवा अर्धवट आहे. शोधून काढल्याशिवाय घरी जाऊ नका.

सुरुवातीला येणारं पाणी काळं असेल आणि त्याला तेलकट, गंजकट घाण वास येईल. घाबरू नका, वर्षभर बंद लोखंडी पाइपात उभं राहिलेलं पाणी तसंच होतं. बादली मात्र ठेवा, ते फरशीवर डाग पाडतं.

टेस्ट संपली की टेस्ट व्हॉल्व्ह बंद, मेन पंप हातानं बंद, आणि पंपाचा निवडस्विच परत 'ऑटो'वर. हा शेवटचा स्विच डोळ्यांनी बघा, विचारून समाधान मानू नका. "हो हो, ऑटोवरच आहे" असं मला आजवर प्रत्येकानं सांगितलंय, आणि स्विच 'ऑफ'वर असलेली पंपरूम मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. कारण साधं असतं. रात्री जॉकी सारखा चालू-बंद होतो, तळमजल्यावरच्यांची झोप मोडते, कुणीतरी बंद करायला सांगतं. जॉकी सारखा चालतोय म्हणजे लाइन कुठेतरी गळतेय. गळती काढा, पंप बंद करू नका.

घरातल्या हेडबद्दल थोडं. रंगाऱ्यानं हेडवर ब्रश फिरवला असेल तर ते पुसायचं नाही, बदलायचं. रंगाच्या थरानं कुपी उशिरा तापते आणि झाकण चिकटून बसू शकतं. पीओपीचं काम करणाऱ्यांनी हेड छताच्या वरच ठेवून खाली सुंदर सपाट सीलिंग केलं असेल, तर ते हेड तुमच्या खोलीसाठी नाहीच असं समजा. गरम हवा सीलिंगखाली साचेल आणि ते वर गार राहील. लाइन खाली वाढवून घ्यावी लागते. गोल सपाट झाकणाची लपवलेली हेड असतात, त्यांचं झाकण हेडच्या आधी, कमी तापमानाला गळून पडतं. त्याच्या कडेनं पुट्टी भरली की ते पडणारच नाही. हेडखाली निदान अर्धा मीटर जागा मोकळी ठेवा, माळ्यावरच्या बॅगा छताला भिडवू नका. आणि हेडला दोरी, तोरण, आकाशकंदील काहीही टांगू नका. दिवाळीत हे मला दरवर्षी सांगावं लागतं.

ड्राय: पाइपात हवा, पाणी मागे

शीतगृहात उणे २० अंशांच्या खोलीत पाण्यानं भरलेला पाइप नेला तर पाणी गोठेल, पाइप फुटेल. म्हणून तिथे पाणी उबेच्या बाजूला, ड्राय व्हॉल्व्हच्या मागे थांबवतात आणि पुढच्या पाइपात कॉम्प्रेसरनं हवा भरून ठेवतात. व्हॉल्व्हच्या झडपेची हवेकडची बाजू क्षेत्रफळानं मोठी, पाण्याकडची लहान. त्यामुळे दोन-तीन बार हवा सहा-सात बार पाण्याला दाबून धरते. कुपी फुटली की आधी हवा निघून जाते, दाब एका मर्यादेखाली आला की झडप उघडते, मग पाणी धावतं.

इथे उशीर हा मूळ दोष आहे. मोठ्या यंत्रणेत पाणी टोकाला पोचायला मिनिटभराची मर्यादा धरतात. तेवढ्या वेळात आग वाढते, म्हणून वेटपेक्षा जास्त हेड उघडतील असं गृहीत धरून टाकी आणि पंप मोठे घ्यावे लागतात. हवा लवकर काढून देणारं एक उपकरण व्हॉल्व्हवर बसवता येतं. मोठ्या लाइनला ते हवंच. लोक ज्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात ती म्हणजे उतार. ड्राय लाइन ड्रेनकडे उतरती हवी आणि खोलगट जागी साचलेलं पाणी नियमित काढलं पाहिजे. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर दमट हवा येते, आपल्या कोकणपट्टीत तर विचारूच नका. तो ओलावा थंड पाइपात गोठतो आणि आतल्या आत बर्फाचा बूच तयार होतो. मग हवा तिथपर्यंतच दाबून राहते, बाहेरचा गेज सांगतो सगळं छान आहे. लटकणारं साधं पेंडंटही ड्राय लाइनला लावायचं नाही, त्याच्या मानेत पाणी साचतं. अपराइट लावा, नाहीतर खास लांब दांड्याचं ड्राय पेंडंट.

जिथे गोठण्याची भीती नाही तिथे ड्राय बसवू नका. "पाइपात पाणीच नको, गळालं तर?" म्हणून काही मालक मागतात. ओली-सुकी हवा आलटूनपालटून लागलेला पाइप आतून झपाट्यानं गंजतो आणि गळती उलट वाढते.

प्रीअ‍ॅक्शन: दोन साक्षी लागतात

सर्व्हर रूम, जुन्या दस्तऐवजांचं दालन, संग्रहालय. इथे शिडीचा धक्का लागून एक हेड मोडलं तरी पाण्यानं होणारं नुकसान आगीएवढंच. म्हणून पाणी व्हॉल्व्हमागे थांबवतात आणि तो व्हॉल्व्ह उघडण्याचा अधिकार डिटेक्टरला देतात. सिंगल इंटरलॉकमध्ये डिटेक्टरनं सांगितलं की पाइप भरतो. पुढे कुपी फुटली तरच पाणी पडतं. नुसतं हेड मोडलं तर पाइपातली थोडीशी हवा निघते, पॅनल तक्रार करतं, पाणी येत नाही. डबल इंटरलॉकमध्ये डिटेक्टरचा इशारा आणि हवेचा दाब उतरणं, दोन्ही झाल्याशिवाय व्हॉल्व्ह हलतच नाही. मोठ्या फ्रीझरमध्ये ती वापरतात, कारण तिथे चुकून पाइप भरणंही महागात पडतं.

समजून घ्यायची गोष्ट अशी, की इथे पाण्याचा मार्ग पॅनलवर आणि त्याच्या बॅटरीवर अवलंबून आहे. वेटमध्ये पॅनल बंद असलं तरी पाणी पडतं. इथे नाही. डिटेक्टर सारखा खोटा वाजतो म्हणून झोन 'आयसोलेट' करून ठेवला, तर तुम्ही नुसता हूटर नाही, फवाराच बंद केलेला असतो. सर्व्हर रूमच्या पॅनलला कुणी हात लावायचा, हे लेखी ठरवून भिंतीवर लावा.

डेल्यूज: सगळी उघडीच

इथे हेडला कुपीच नसते. तोंडं कायम उघडी, पाइप कोरडे, पाणी डेल्यूज व्हॉल्व्हच्या मागे. मोठा ट्रान्सफॉर्मर, गॅसच्या टाक्या, कोळसा वाहून नेणारे पट्टे, म्हणजे जिथे आग काही सेकंदांत सगळ्या पृष्ठभागावर पसरते, तिथे एकेक हेड फुटायची वाट बघत बसता येत नाही.

ट्रान्सफॉर्मरभोवती बारीक पाइपांचं एक वेगळं कडं दिसेल आणि त्यावर कुप्या असतील. ती माणसं चुकून स्प्रिंकलर समजतात. ते डिटेक्शनचं कडं आहे. त्यातली एक कुपी फुटली की कड्यातला दाब उतरतो, व्हॉल्व्हच्या पडद्यामागचा दाब जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळ्या नोझलमधून एकदम पाणी सुटतं. ट्रान्सफॉर्मरला दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे १० लिटर या हिशेबानं पाणी लागतं, वेगानं आदळणारं. ते तेलात घुसून त्याचा पांढुरका घोळ करतं आणि तो घोळ जळत नाही. गॅसच्या टाक्यांवरचा फवारा मुख्यतः टाकीचा पत्रा गार ठेवण्यासाठी असतो. पावसाळ्यानंतर नोझल उघडून बघा, गांधीलमाश्यांनी मातीची घरटी केलेली हमखास सापडतात.

गोदाम: माल बदलला की यंत्रणा बदलते

भिवंडीतल्या गोदामांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. यंत्रणा वेटच असते, पण छताची उंची दहा-बारा मीटर, रॅक छताजवळ गेलेले. साध्या ८० के-फॅक्टरच्या हेडचे थेंब बारीक, आगीच्या वर उठणाऱ्या झोतात ते वरच्या वर वाफ होऊन जातात. म्हणून तिथे ईएसएफआर (अर्ली सप्रेशन फास्ट रिस्पॉन्स) नावाची हेड लावतात, के-फॅक्टर २००, २४० किंवा त्याहून मोठा, कुपी वा डाग पटकन तुटणारा, थेंब जाडजूड. २०० च्या हेडला साडेतीन बार दाब असेल तर एकटं हेड मिनिटाला ३७४ लिटरच्या आसपास पाणी टाकतं. हिशेब बारा हेडचा धरतात, म्हणजे मिनिटाला साधारण साडेचार हजार लिटर. टँकरचं पाणी घेणाऱ्या गोदामानं आपली टाकी किती मिनिटं पुरेल हे स्वतः मांडून बघावं, आणि अग्निशमनाच्या साठ्यातलं पाणी शौचालयाला वळवू नये.

ईएसएफआर आग नियंत्रणात ठेवायला नाही, लहान असतानाच दाबून टाकायला बनवलेलं आहे. पहिल्या काही सेकंदांत पाणी जळत्या जागेवर पोचलं नाही तर सगळा हिशेब कोसळतो. म्हणून हेडखाली नंतर बसवलेला एक पंखा, एक डक्ट, एक दिव्यांची ओळसुद्धा घातक ठरते. हेड आणि मालाचा माथा यांत किमान एक मीटर अंतर हवं. रॅकमध्ये दोन पॅलेटच्या मधे ७५ मिलिमीटर आणि पाठीला पाठ लावलेल्या रॅकांमध्ये १५० मिलिमीटर फट उभी, वरपासून खालपर्यंत मोकळी हवी. पाणी त्याच फटीतून खाली उतरतं. रॅकच्या प्रत्येक कप्प्यावर सलग प्लायवूड टाकलं की ती फट बुजते. मग कप्प्याकप्प्यात वेगळी हेड घालावी लागतात.

आणि भाडेकरू बदलतो तेव्हा कुणी विचारतच नाही. यंत्रणा बसवली तेव्हा आत सुती कापडाच्या गाठी होत्या. पुढचा भाडेकरू फोमच्या गाद्या, थर्मोकोल, प्लास्टिकचे क्रेट ठेवतो. प्लास्टिक आणि फोमची आग कितीतरी जास्त उष्णता फेकते, जुना हिशेब तिला पुरत नाही. लाकडी पॅलेटच्या जागी प्लास्टिकची आली तरीही फरक पडतो. भाडेकराराबरोबर 'काय ठेवणार आणि किती उंच' हे लिहून घ्या आणि ते कागद घेऊन यंत्रणेच्या सल्लागाराकडे जा.

फोम मिसळलेलं पाणी टाकणाऱ्या यंत्रणा रंगाचे कारखाने, विमानांची हँगर अशा ठिकाणी असतात, जळत्या द्रवावर थर धरण्यासाठी. वॉटर मिस्टमध्ये धुक्याइतके बारीक थेंब उच्च दाबानं सोडतात; पाणी कमी लागतं, पण गाळण्या स्वच्छ ठेवायला हव्यात. दोन्हींच्या देखभालीला त्याच कामाची माणसं बोलवा.

आग नसताना हेड फुटलं तर

सामान हलवणाऱ्यांच्या कपाटानं पेंडंट मोडणं, हा सगळ्यांत नेहमीचा प्रकार. आधी खरोखरच आग नाही ना, हे डोळ्यांनी बघा. मग त्या मजल्याच्या डक्टमधला झोन व्हॉल्व्ह बंद करा, शेजारचा ड्रेन उघडा. पंप त्यानंतर थांबवा. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पाइपातलं उरलेलं पाणी काही वेळ पडत राहील. हा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि डक्टच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, हे आज संध्याकाळीच बघून ठेवा.

नवीन हेड त्याच तापमानाचं, त्याच के-फॅक्टरचं, त्याच जातीचं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि पेटीतला खास पानाच वापरा. पाइप पाना चौकटीवर आवळला तर चौकट वाकते आणि कुपीला न दिसणारा तडा जातो. ते हेड नंतर मध्यरात्री फुटतं. ड्रेन बंद करून झोन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, टोकाच्या टेस्ट व्हॉल्व्हमधून हवा निघून सलग धार येईपर्यंत थांबा. पॅनल रिसेट, पंप ऑटोवर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करून त्याला साखळी-कुलूप. वापरलेल्या हेडच्या बदल्यात पेटीत नवीन ठेवा.

खरोखर आग लागली असेल तर व्हॉल्व्हला हातही लावू नका. वरची आग विझलेली दिसली तरी मोटारीखाली, गाद्यांच्या आत ती धुमसत असते. व्हॉल्व्ह अग्निशमन दलाचे अधिकारी सांगतील तेव्हाच बंद होईल, आणि तोवर एक माणूस त्याच्यापाशी उभा राहील.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानं परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा त्या संस्थेचा दाखला, द्यायचा असतो. पुष्कळ सोसायट्यांत तो कागद ऑफिसातच सही होऊन फाइलला लागतो. या वेळी तपासणीला येणाऱ्याला सांगा, "टेस्ट व्हॉल्व्ह माझ्यासमोर उघडा." सेक्रेटरींनी स्वतः वर जावं, धार बघावी, आणि हूटर किती सेकंदांत वाजला, जॉकी, मेन आणि डिझेल किती दाबाला उठले, हे चार आकडे तारखेसह रजिस्टरात लिहावेत. पुढच्या तपासणीत ते शेजारी ठेवून बघा; मेन आधी ८ ला उठत होता आणि आता साडेसहाला उठत असेल, तर प्रेशर स्विच कामातून चाललाय. तो त्याच आठवड्यात बदलून घ्या.